सरळ रेषा आणि शामलाचं नाक

देवाजी रंगारी आयुष्यात एकदाच रस्ता चुकले, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात होकायंत्र होतं.

उमरेडकडच्या एका कोळसा खाणीत मोजणीच्या कामावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. खाणीत धुळीचा लोट उठला की भली भली माणसं जागच्या जागी थिजत. देवाजी मात्र डोळे मिटून सांगत, "इथून सव्वीस पावलांवर पंप आहे," आणि सत्ताविसाव्या पावलाला माणसाचा गुडघा पंपावर आपटत असे. निवृत्त झाल्यावर शहराच्या कडेला हुडकेश्वरला त्यांनी घर बांधलं तेही होकायंत्र लावून, बरोब्बर उत्तर-दक्षिण. तिथला रस्ता काही उत्तर-दक्षिण नव्हता. त्यामुळे सगळी गल्ली रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि देवाजींचं घर तेवढं, फोटो काढताना मागून कोणी हाक मारावी तसं, मान वळवून.

"दिशा तर सांभाळली तुमी," त्यांच्या बायको सिंधूताई म्हणत, "पन फाटक शेजाऱ्याच्या मोरीसमोर आलं ना जी."

देवाजी बुद्धीला मानणारे. कोणी सांगितलं म्हणून, चालत आलं म्हणून, पुस्तकात आहे म्हणून काही खरं धरायचं नाही. तपासायचं, पटलं तर घ्यायचं. हे त्यांनी घरात मुलांना शिकवलं, विहारात शिकवलं, आणि ऐकायला कोणी नसलं तर गल्लीतल्या कुत्र्यालाही शिकवलं. हा त्यांचा मोठा गुण. फक्त आपलं स्वतःचं म्हणणं तपासायला त्यांना वेळ मिळत नसे.

आता या सगळ्यात म्हैस कुठून आली, तर पिशवीच्या दुधातून. पिशवीच्या दुधाला साय धरत नाही, ही सिंधूताईंची सात वर्षांची तक्रार. त्यांच्या माहेरी, म्हणजे उमरेडच्या पलीकडे जंगलाला टेकलेल्या बेलझरीत, अंजनाबाई नावाची त्यांची लहानपणची मैत्रीण होती. तिचे गुडघे गेले. कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, वाकवेना. तिनं निरोप धाडला, "माही शामला दुसऱ्याले देताना जीव तुटते. तू घेऊन जाय."

शामला म्हणजे म्हैस. अस्सल नागपुरी, तलवारीसारखी लांब शिंगं पाठीवर टेकलेली, आणि रंग असा की अमावास्येला तिच्या अंगावर हात ठेवला तर हात सापडायला सकाळ व्हावी लागे.

वैशाखात देवाजी तिला आणायला बेलझरीला गेले, रात्री मुक्काम केला, आणि सकाळी सहाला निघायच्या तयारीत अंगणात उभे राहिले. गळ्यात होकायंत्र, खांद्यावर कापडी झोळा, झोळ्यात पाण्याची स्टीलची बाटली, डोक्याला दुपट्टा, आणि हातात लोखंडाची साखळी. साखळी अशासाठी की त्या गावात जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं घरातच राहतं. घेणाऱ्यानं आपलं आणायचं.

"दोर तुमचा, तुमी ठेवा. याच्यात तर्क आहे," देवाजी म्हणाले. "मी माही साखळी आनली."

"अन हे घ्या," अंजनाबाई म्हणाली. तिच्या हातात कोठ्यातली मूठभर माती होती. "तिच्या खुराखालची होय. तुमच्या तिकडच्या कोठ्यात टाकजा. त्याच्याबिगर जनावर रमत नाही."

देवाजींनी हात मागे घेतला. "अंजनाबाई, म्हशीले काय समजते का ही माती कोनाची? सातबारा वाचते का ते?"

"वाचत नाही. पन तिले समजते."

"कसं समजते?"

"आता समजते ते समजते भाऊजी. मले का पुसता? तिले पुसा."

"ही अंधश्रद्धा आहे. मी नाही नेत."

अंजनाबाई लंगडत आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी होती. "भाकर आहे, कांदा आहे," म्हणत तिनं ती देवाजींच्या झोळ्यात स्वतःच ठेवली, पदराला हात पुसले, आणि शामलाच्या कपाळावर कपाळ टेकवून थोडा वेळ उभी राहिली. शिदोरी दोन भाकरींच्या मानानं जरा जड होती. पण देवाजी तेव्हा होकायंत्रात बघत होते.

गोष्ट अशी, की गावाकडच्या वाटेवरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, मागच्या पावसात वाहून गेला होता. देवाजींच्या बहिणीचा मुलगा प्रीतम आपला छोटा हत्ती, म्हणजे ती लहान मालवाहू गाडी, घेऊन डांबरी रोडवर थांबणार होता. तिथपर्यंत गाडीवाटेनं वळसा अकरा किलोमीटर. जंगलातून सरळ रेषेत चार.

"वळसा कोन घालते?" देवाजी म्हणाले. "ज्याले कोन मोजता येत नाही तो. उत्तरेपासून तीस अंश पश्चिमेला. पाच हजार तीनशे तेहतीस पावलं. साडेसातले मी रोडवर राहीन."

"रस्त्यानंच जा ना भाऊजी. ऊन लय आहे, अन वाघ फिरून राह्यला म्हन्तेत."

"वाघाले वाटा लागतात. मले रेषा पुरते."

आणि ते निघाले. हजार पावलं झाली, दोन हजार झाली. शामला शहाण्यासारखी मागून येत होती. इतकी शहाण्यासारखी, की साखळी ताणायची गरजच पडेना. तिचं नाक देवाजींच्या डाव्या खांद्यावरच्या झोळ्याला चिकटलेलं, आणि अधूनमधून ती त्यांना डावीकडे प्रेमानं ढुशी देत होती. देवाजींना भरून आलं. "पाह्यलं?" ते तिला म्हणाले. "एका तासात तुले कळलं मालक कोन होय ते. नाहीतर तुही अंजनाबाई! माती ने म्हने."

पाच हजार तीनशे तेहतिसावं पाऊल पडलं ते पळसाच्या झुडपात. डांबर नव्हतं. माणूस म्हटलं की शे-दोनशे पावलांची चूक होते, म्हणून देवाजी आणखी दोनशे चालले. मग पाचशे. मग मोजायचं सोडून दिलं, आणि तेवढ्यात त्यांचा पाय ओल्या शेणात पडला.

"म्हनजे गाव जवळच असन," देवाजी म्हणाले. "कोनाचं तरी जनावर आत्ताच गेलं इथून."

त्यांनी शामलाकडे पाहिलं. शामलानं दुसरीकडे पाहिलं. शेणात अर्धवट चावलेली एक हिरवी चिंधी होती, जी काल संध्याकाळी देवाजींच्याच दुपट्ट्याची होती.

मग त्यांनी मोबाईल काढला. मोबाईल इतका तापला होता की पडद्यावर एक शेवटची विनंती दाखवून तो आपला आपण बंद झाला. आणि तापणार नाही तर काय! त्या दिवशी ऊन असं होतं की झाडाखाली सावली होती, पण तीसुद्धा बुंध्याला चिकटून उभी होती, मातीवर उतरायला तयार नव्हती. होला पक्ष्यांनी अंडी घातली तर ती उकडून निघत म्हणून ते महिनाभर अंडी घालतच नव्हते, असं बेलझरीचे लोक अजून सांगतात.

देवाजींनी होकायंत्र डोळ्यांसमोर धरलं. सुई त्यांच्या मनगटाकडे बघत होती. ते वळले. सुईही वळली, पुन्हा मनगटाकडे. ते उलटे फिरले. सुई आपली मनगटाकडे. आणि मनगटाला चार वेढे देऊन गुंडाळलेली होती लोखंडाची साखळी.

याच देवाजींनी एकदा कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून आलेल्या पोऱ्याला अर्ध्या दिवसाची रजा मांडून घरी पाठवलं होतं. "होकायंत्राजवळ लोखंड आननारा मानूस बापाले पन चकवेल," असं त्याला वर सुनावलं होतं. सकाळपासून त्यांनी उत्तर म्हणून जे पाहिलं होतं तो त्यांचाच हात होता.

त्यांनी साखळी सोडून लांब ठेवली. सुई थोडी थरथरली, आणि लाजल्यासारखी हळूच खऱ्या उत्तरेला जाऊन थांबली. उत्तर मिळाली. पण आपण स्वतः कुठं आहोत ते हरवलं होतं, आणि ते सांगणं होकायंत्राच्या खात्यात येत नव्हतं. एका बाजूला डांबर, एका बाजूला बेलझरी, आणि उरलेल्या दोन बाजूंना तीस-तीस किलोमीटर नुसतं जंगल. बाटलीत पाणी दोन घोट. डोक्यात हातोडे पडू लागले होते, आणि घाम यायचा बंद झाला होता. घाम थांबला की पुढे काय होतं, हे देवाजींना माहीत होतं. खाणीत त्यांनी त्या पायी एक माणूस गेलेला पाहिला होता. बुद्धी वगैरे सगळं ठीक, पण तास-दीड तासात पाणी मिळालं नाही तर हुडकेश्वरच्या त्या तिरप्या घरी देवाजी परत जाणार नव्हते.

"सिंधू," ते पळसाला म्हणाले, "साय राहू दे वं."

मग त्यांनी विचार केला. जनावराला घर कळतं म्हणतात. म्हणतात म्हणून मानायचं नाही, तपासून बघू. शामला आता मोकळीच होती. "जाय," ते म्हणाले. "तुह्या घरी जाय. मी येतो मागं."

शामला उभीच.

देवाजी तिच्या मागे जाऊन उभे राहिले. शामला वळली आणि त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. ते पुन्हा तिच्या मागे गेले. ती पुन्हा त्यांच्या मागे आली. मध्ये मोहाचं एक झाड होतं. पाहता पाहता माणूस म्हशीच्या मागे, म्हैस माणसाच्या मागे, अशी त्या झाडाभोवती प्रदक्षिणा सुरू झाली.

"अवं, मले रस्ता ठाऊक नाही!" देवाजी ओरडले. "माह्यावर काहून इतका भरोसा करून राह्यली?"

तिसऱ्या फेरीला त्यांना वाघ दिसला.

तो समोरच्या बांबूच्या बेटाबाहेर बसला होता, पंचवीस पावलांवर. देवाजींच्या मोजणीनं चोवीस. पळायचं नाही, वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण थांबावं तर पाय थांबेनात. ते आपल्याच नादात झाडाभोवती चालले होते. आणि मागून शामला, नाक झोळ्यात, डोळे अर्धे मिटलेले. समोर वाघ आणि ही म्हैस रवंथ करत होती!

वाघाला आजवर पळणारं जनावर माहीत होतं, मारायला येणारं माहीत होतं. गोल फिरणारं जनावर त्याच्या आईनं त्याला शिकवलं नव्हतं. तो माणसाकडे बघू लागला. माणूस झाडामागे गेला की म्हैस दिसे. म्हशीवर नजर धरावी तर माणूस बाहेर येई. वाघाची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. सातव्या फेरीला त्यानं डोळे मिचकावले. अकराव्या फेरीला तो उठला, उडी घ्यायला म्हणून दबला, आणि त्याचा पुढचा डावा पाय उजव्या पायावर पडला. त्यानं बांबूला टेकून थोडा दम घेतला. मग आगगाडीत उलट्या तोंडानं बसलेल्या माणसासारखा चेहरा करून, झोकांड्या खात, नाल्याच्या बाजूला निघून गेला.

आता हे कोणाला खोटं वाटेल. मग त्यानं वैशाखात एक म्हैस आणि एक देवाजी घेऊन जावं आणि स्वतः बघावं. वाघ तिथलाच आहे. म्हैस दिसली की तो मान खाली घालतो म्हणतात.

वाघ गेल्यावर देवाजींचे पाय एकदाचे थांबले. ते मोहाला टेकून बसले, शेवटचे दोन घोट प्याले आणि शिदोरी सोडली. वर भाकरी, भाकरीखाली कांदा, कांद्याखाली आणखी एक चिंधीची पुरचुंडी. त्यांनी गाठ सोडली. माती होती.

देवाजी रागानं काही बोलणार, एवढ्यात त्यांच्या कानाशेजारून भलंमोठं ओलं नाक आलं आणि त्या मातीवर टेकलं. शामलानं डोळे मिटले. एक लांब, समाधानाचा सुस्कारा टाकला, आणि चारी पाय दुमडून तिथंच, रोजच्या जागी बसावं तशी बसली.

देवाजींना आता उलगडा झाला. ती त्यांच्या मागे आलीच नव्हती. ती सकाळपासून घरीच होती. घर झोळ्यात होतं, झोळा डाव्या खांद्यावर होता, आणि ती नाकापुरती आपल्या कोठ्यात उभी होती. कोठ्यात कसला आला वाघ? ते तिच्या भरवशावर, ती त्यांच्या झोळ्याच्या भरवशावर. असे दोन शहाणे मिळून एका मोहाभोवती फिरत होते.

"समजते ते समजते," देवाजी पुटपुटले. आणि त्या उन्हात, फुटायला आलेल्या डोक्यात, एकतीस वर्षांची बुद्धी एकदाची सरळ चालू लागली.

माती फेकून दिली तर ही इथंच बसून राहील. झाडावर टांगली तर झाडाखाली बसेल. वास बंद झाला पाहिजे. त्यांनी सगळी माती कणाकणानं रिकाम्या स्टीलच्या बाटलीत भरली आणि झाकण ताकद लावून आवळलं. मग कांदा दगडावर ठेचून तो हातांना चोळला, झोळ्याला चोळला, मानेला चोळला, आणि उरलेला दुपट्ट्यात पिळला. डोळ्यांतून पाणी आलं. अंगात अजून पाणी आहे हे पाहून त्यांना बरंही वाटलं.

शामला उठून त्यांच्याकडे आली, झोळ्याला नाक लावलं आणि अशी शिंकली की मोहाचं एक पान गळून पडलं. ती दोन पावलं मागे सरली. तिनं देवाजींकडे, हे कोण आहेत, अशा नजरेनं पाहिलं. मग मान वर केली, शिंगं पाठीला टेकवली, नाकपुड्या फुलवल्या. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं. आणि निघाली.

देवाजींनी तिचं शेपूट धरलं. या वेळी त्यांनी अंश पाहिले नाहीत. पावलं मात्र मोजली. ती सवय मेल्याशिवाय जाणार नव्हती. तीनशे पावलांवर ती वाट सोडून नाल्यात उतरली. नाला कोरडा ठणठणीत होता, पण तिनं वळणावरच्या एका दगडामागे खूर मारले आणि गुडघाभर चिखल वर आला. चिखलावर चार बोटं पाणी. दोघांनी एकाच बाजूनं तोंड लावलं. मग शामला त्या चिखलात लोळली. देवाजींनी चारी बाजूंना पाहिलं, कोणी नव्हतं, आणि तेही लोळले.

बाविसावा शेकडा पूर्ण झाला तेव्हा समोर अंजनाबाईचा कोठा होता. दोन हजार दोनशे पावलं. सकाळपासून ते दोघं गावाच्या पावणेदोन किलोमीटरच्या आत फिरत होते.

अंगणात प्रीतम ताक पीत बसला होता. रोडवर दुपारपर्यंत वाट पाहून तो गाडीवाटेनं पायी आला होता, आणि चार माणसं गोळा करून आता शोधायला निघणारच होता. आत येणाऱ्या दोन काळ्या आकृतींकडे बघून तो म्हणाला, "अंजनामावशी, तुम्ही तर एकच म्हैस विकली होती ना?"

"मामा होय मी तुहा, भैताडा!"

"मामाजी! अबे, कांद्याचा वास काहून येऊन राह्यला?"

शामला आपल्या खुंट्याशी जाऊन उभी राहिली, आणि अंजनाबाई तिची पाठ खाजवत राहिली. दोन तांबे पाणी पिऊन झाल्यावर देवाजींनी बाटली काढून तिच्यापुढे ठेवली.

"अंजनाबाई, ही माती तुमी शिदोरीत ठेवली."

"ठेवली भाऊजी. चुकलं असन तर सांगा."

देवाजींनी हातावरचा चिखल खरवडला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि खरं बोलायला घसा अजून कोरडा होता. "तुमची माती नसती तर मी चुकलो नसतो," ते म्हणाले. मग साखळी आठवली. "नाही, साखळीपायी चुकलोच असतो. पन वाघानं खाल्लं असतं." मग आणखी विचार करून ते म्हणाले, "मी तपासून पाह्यलं. तिले समजते."

"मी तेच म्हनत होती."

"तुमी म्हनत होत्या. मी तपासलं. फरक आहे."

"असन बापा," अंजनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा किलोमीटरच्या वळशानं एक मिरवणूक निघाली. पुढे देवाजी, हातात झाकण उघडलेली बाटली. मागे शामला, ना साखळी, ना दावं. त्यामागे प्रीतम, तीस रुपयांचं आईस्क्रीम घ्यायला माणसं रांग लावतात तसं ही म्हैस बाटलीमागे का लागली, याचा विचार करत. छोट्या हत्तीतही ती बाटलीकडे तोंड करून चढली. हुडकेश्वरला नव्या कोठ्यात देवाजींनी बाटली उपडी केली, आणि शामला त्या मातीवर अशी बसली जणू तिथंच जन्मली. तिसऱ्या दिवशी सिंधूताईंच्या पातेल्यातल्या दुधावर बोटभर साय आली.

सिंधूताईंनी सगळी हकिगत दोनदा ऐकली. एकदा देवाजींकडून, एकदा अंजनाबाईकडून फोनवर. साखळीचा भाग फक्त दुसऱ्या वेळी होता.

पुढच्या आठवड्यात देवाजी काही कामानं उमरेडला जायला निघाले. एसटीसाठी पैसे घ्यायला खिशात हात घातला तर हाताला पुरचुंडी लागली. आत फाटकाजवळच्या कुंडीतली, त्यांच्याच घरची, चिमूटभर माती.

"सिंधू! हे काय होय?"

"तुमी घरी परत या म्हनून."

"मी काय म्हैस आहो का?"

"नाही जी," सिंधूताई शामलाच्या पुढ्यात कडबा टाकत म्हणाल्या. "ते कुठी चुकली?"

देवाजींनी तिथल्या तिथं सिंधूताईंना समजावून सांगितलं. माणसाचं नाक म्हशीसारखं नसतं. पुरचुंडीनं माणूस परत येतो हे सिद्ध करायचं तर एकदा पुरचुंडी घेऊन जायला हवं, एकदा न घेता जायला हवं, आणि दोन्हींची तुलना करायला हवी. त्याशिवाय ते मानता येत नाही.

पुरचुंडी घेऊन ते आजवर चाळीसेक वेळा बाहेर गेले आहेत आणि प्रत्येक वेळी घरी परत आले आहेत. न घेता जायचा प्रयोग तेवढा अजून राहिला आहे.